भेकराचे सोळा वाटे

आपल्या भागातल्या शाळेची सहल कोल्हापूरला निघाली की अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि नवा राजवाडा ही तीन ठिकाणे सहसा चुकत नाहीत. १८८४ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या राजवाड्यातील संग्रहालयात तलवारी आहेत, पोशाख आहेत, जुनी छायाचित्रे आहेत. पण मुले घोळका करून थांबतात ती पेंढा भरलेल्या जनावरांपुढे. 'हे कुणी मारलं?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर बरोबरचे गुरुजी देतात आणि रांग पुढे सरकते. 'मारणाऱ्याबरोबर आणखी कोण होतं?' असे मात्र कुणी विचारत नाही. शिकारीच्या जुन्या छायाचित्रात बंदूकवाला मध्यभागी ताठ उभा असतो आणि कडेला, अर्धवट कापलेले, आठ-दहा चेहरे असतात. हाका घालणारे, माग काढणारे, चूल पेटवणारे, पाणी आणणारे. मला त्या कडेच्या माणसांविषयी लिहायचे आहे. कारण शिकार संपली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर त्या माणसांचा एकत्र तळही उठला आणि त्याची जागा आपण कशाने भरली, हा प्रश्न शिल्लक राहिला आहे.

कोल्हापूर संस्थानाची शिकार एका गोष्टीसाठी देशभर प्रसिद्ध होती. येथे चित्त्याकरवी काळविटाची शिकार होई. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवरून माळावर नेत. गाडी कळपाच्या जवळ पोचली की टोपी काढत आणि चित्ता सुटे. काही क्षणांत निकाल लागे. एक तर काळवीट पडे, नाही तर चित्ता दमून बसून राही. मग चित्तेवान धावत जाई, त्याला थोडे रक्तमांस चारून शिकारीवरून बाजूला घेई आणि पुन्हा टोपी घाली. जनावर माणसाळवायचे, त्याला रोज फिरवायचे, त्याच्या खाटेशेजारी झोपायचे हे काम चित्तेवानांचे. चित्तेवान हे आडनाव कोल्हापुरात आजही आढळते. भारतातले चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. पुढे १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते हे आपल्याकडच्या शेवटच्या चित्त्यांत मोजले जातात. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातील कुनोला आले, तेव्हा कोल्हापुरातल्या जुन्या मंडळींना बैलगाडीवरचा चित्ता आठवला असेल.

राजाच्या शिकारीत सोबत असे, पण मान एकाचाच असे. आणि ज्यांची शिकार हीच भाकरी होती त्यांना मानही नव्हता, मोकळीकही नव्हती. फासेपारधी समाजाला इंग्रजी अमलातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा भोगावी लागली. साहेब हरीण मारून छायाचित्र काढून घेई. पारध्याने फासा लावला तर तो जन्मजात गुन्हेगार ठरे. राजर्षी शाहू महाराज स्वतः मोठे शिकारी. रानात फिरताना त्यांना ही माणसे जवळून दिसली असणार. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात अशा जमातींवरची हजेरीची सक्ती उठवली, पारध्यांना कामे दिली, सोनतळीला आसरा दिला. देशात हा शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. शिकारीच्या तळावर एकत्र बसण्याचा काही उपयोग असेल तर तो हाच, की एरवी जो माणूस आपल्या नजरेस पडत नाही तो तिथे शेकोटीच्या उजेडात समोर बसलेला दिसतो.

राजेरजवाड्यांच्या मागून हा शौक सामान्यांतही उतरला. इचलकरंजीसारख्या गावात तर तो थोडा विसंगत वाटावा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पंचगंगेकाठचे हे जहागिरीचे गाव पुढे 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' झाले. दिवसरात्र खटखट, सुताची बाचकी, बीम, कांड्या आणि कानांत बसलेला कापसाचा पुंजका. अशा गावातली माणसे रानात कशाला जातील? पण जात. बहुधा त्या खटखटीमुळेच जात. आमच्या भाषेत 'माग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि माझ्या मामांची मंडळी दोन्ही जाणत होती. आठवडाभर माग चालवायचे आणि हिवाळ्यात दोन-तीन वेळा माग काढायला जायचे.

हे साधारण १९७० च्या आसपासचे. मी दहा वर्षांचा होतो आणि हट्ट करून दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. त्या वेळी जुन्या मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा लागू होता. शिकारीला परवाना लागे, हंगाम ठरलेला असे. मामांकडे बारा बोअरची एक बंदूक होती, आणि आठ जणांत ती एकच. मामा स्वतः बारा मागांचे मालक. त्यांच्याच शेडमधला जॉबर, शाळेतले एक गुरुजी, एक शिंपी, एक डॉक्टर, सुताची वाहतूक करणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर, एक किराणा दुकानदार आणि सायझिंगमध्ये काम करणारा एक उंचापुरा गडी. यांतले चौघे एरवी एकमेकांच्या घरी कधी जेवायला बसले नसते. जातीचे, पैशाचे, शिक्षणाचे अंतर होतेच.

हुपरी, कागल, निपाणी, उत्तूर असा ट्रक दुपारपर्यंत आजऱ्याच्या पलीकडे पोचे. डोंगराच्या कडेला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्याजवळ ताडपत्रीची राहुटी ठोकत. राहुटी ठोकली की कामे न सांगता वाटली जात. गुरुजी आणि शिंपी पाण्याला, ड्रायव्हर जळणाला, डॉक्टर कांदे सोलायला. तीन दगडांची चूल जॉबरची. त्या चुलीपुढे त्याचा शब्द अखेरचा. मामांनी एकदा उलथने हातात घेतले तर तो म्हणाला, "तू सर बाजूला. भाकरी करपवशील." मालकाला 'तू' म्हणणारा जॉबर मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मामा खरोखरच बाजूला सरले. जेवण म्हणजे घरून आणलेल्या भाकरी, खर्डा, झुणका आणि कांदा. शिकारीला निघालेल्या माणसांनी तळावर पहिल्या रात्री शाकाहारीच जेवायचे, असा त्यांचा दंडक होता. 'जे मिळालं नाही त्याचा मसाला आधी वाटू नये,' असे गुरुजी म्हणत.

रात्री घोंगड्यात पडून बोलणे चाले. शिकारीविषयी फार थोडे. कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाचा दमा, सुताचा भाव, भावाभावांतली वाटणी. अंधारात चेहरा दिसत नसला की माणूस खरे बोलतो. डॉक्टरांना जे दवाखान्यात कुणी सांगितले नसते ते सायझिंगवाल्याने तिथे सांगितले, आणि पुढे त्याच्या छातीची तपासणी वेळेत झाली. तळाच्या सोबतीने बंदुकीहून मोठे काम केले ते हे.

पहाटे हाका. वाडीवरची पाच माणसे आणि त्यांची तीन कुत्री खालच्या अंगाने डबे वाजवत, आरोळ्या देत वर येत आणि बंदूक वरच्या खिंडीत दबा धरून बसे. सांबर, भेकर, रानडुक्कर यांचे ते रान. भेकर हे हरणांतले लहान जनावर. वजन वीस-पंचवीस किलोच्या आसपास, एकटे राहणारे आणि संशय आला की कुत्र्यासारखे भुंकणारे. शिंगे असलेला नरच मारायचा, माद्यांवर बार टाकायचा नाही, पाणवठ्यावर बसायचे नाही, हे तळाचे नियम होते आणि ते मोडणाऱ्याला पुढच्या वेळी ट्रकमध्ये जागा नसे. बहुतेक वेळा काहीच मिळत नसे. मी गेलो त्यांतली पहिली खेप तशीच रिकामी गेली. चार तास न हलता, न खोकता, ओल्या गवतात बसून राहिलेली माणसे नंतर एकमेकांकडे पाहून हसत होती. दुसऱ्या खेपेला बार झाला.

मेलेले भेकर मी जवळून पाहिले. डोळा उघडा होता. त्यात आभाळ दिसत होते. कुणी आरडाओरडा केला नाही. शिंप्याने त्याच्या तोंडावर पाणी घातले. ते का, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

मग वाटे. पळसाच्या पानांवर जॉबरने सोळा ढीग मांडले. इचलकरंजीचे आठ, हाकेकऱ्यांचे पाच, बंदुकीचा एक, कुत्र्यांचा एक आणि ज्याच्या खळ्यावर राहुटी होती त्या घराचा एक. काळजाचा, मांडीचा, बरगडीचा तुकडा प्रत्येक ढिगात पडला पाहिजे म्हणून तो दोन-दोनदा हात फिरवत होता. नंतर गुरुजी सर्वांकडे पाठ करून बसले. जॉबर एका ढिगावर काठी टेकवी आणि विचारी, "ह्यो कुणाचा?" गुरुजी न पाहता नाव घेत. त्यामुळे 'मला कमी, त्याला जास्त' म्हणायला जागाच नाही. पुढे बँकेच्या नोकरीत मी अनेक वर्षे दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले. पण कागद, शाई आणि सही यांवाचून इतका चोख जुळलेला हिशेब क्वचितच पाहिला.

वीस-बावीस किलोच्या भेकराचे खाण्याजोगे मांस ते किती? सोळा ढीग केले की एकेकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण किलो. तेवढ्या मटणासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून, डिझेल जाळून, थंडीत कुडकुडत कुणी जाणार नाही. इचलकरंजीच्या बाजारात ते मिळत होते. तेव्हा ही मंडळी भेकरासाठी जात नव्हती. ती एकमेकांसाठी जात होती, आणि भेकर हे त्याचे निमित्त होते. निमित्तापायी जीव जात होता, एवढेच त्यातले वाईट. पण ते लहान नव्हे.

या सोबतीचे गोडवे गातानाही खरे ते सांगायला हवे. परतीच्या वाटेवर हुपरी मागे पडली की जॉबरच्या तोंडी 'तू' जाऊन 'मालक' येई. सोमवारी शेडमध्ये दोघे एकमेकांशी तुटक बोलत. तळावरची समता ट्रकमधून घरापर्यंत येत नसे. शिवाय तळ सगळा पुरुषांचा. घरी आलेला वाटा शिजवायचा तो परसात, वेगळ्या पातेल्यात, आणि ते काम मामीचे. तिने एकदा मामांना सरळ विचारले, "बंदूक न्यायची नसंल तर जाणारच न्हाईसा व्हय?" मामा हसले आणि उत्तर टाळले.

उत्तर द्यायची वेळ लवकरच आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळविटासारख्या प्राण्यांना पहिल्या परिशिष्टात संपूर्ण संरक्षण मिळाले, इतरांच्या शिकारीचे परवाने आवळत गेले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार परवान्याची वाटच कायद्यातून काढून टाकली. मामांनी कायदा येताच बंदूक कपाटात ठेवली. पुढे ती पोलीस ठाण्यात जमा झाली. त्या हिवाळ्यात मंडळी बंदुकीशिवाय आजऱ्याला गेली. मी नव्हतो, पण हकीकत अनेकदा ऐकली आहे. राहुटी ठोकली, जेवण झाले, दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचे कारण नव्हते. दहा वाजता पत्ते निघाले. दुपारी दोघांत पत्त्यांवरून वाद झाला. संध्याकाळी ट्रक परत. पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. आठ माणसे त्याच गावात राहिली, भेटत राहिली; पण रात्रीचे ते बोलणे पुन्हा झाले नाही.

यावरून मामीच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे काढता येईल. मला ते पटत नाही. तळ मोडला तो बंदूक नव्हती म्हणून नव्हे, काम नव्हते म्हणून. सहल आणि तळ यांत फरक आहे. सहलीत प्रत्येकजण आपापली मजा करतो. तळावर एक असे काम असते की ते एकट्याने होत नाही, त्याला गप्प बसावे लागते, थांबावे लागते, आणि ते फसण्याची शक्यताच जास्त असते. सोबत जुळते ती त्या कामाभोवती.

अमेरिकेत आजही दर हिवाळ्याच्या तोंडावर मित्रांचे, बापलेकांचे हरणांच्या शिकारीचे तळ पडतात. तिथे १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार शिकारीने जेमतेम पाच लाखांवर आली होती. आता ती कोट्यवधींच्या घरात आहेत. शिकारीवर बंधने आली, परवाने आले आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. तिथल्या बऱ्याच भागांतून लांडगे नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या आवरण्याचे काम शिकाऱ्यावर आले आहे. मग आपल्याकडे का नको, असे विचारणारे भेटतात. आजरा-चंदगडचा शेतकरीही विचारतो. त्याच्या उसात गवा उतरतो, भुईमूग डुक्कर उकरते, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला पाय फुटत नाहीत. त्याची तक्रार खोटी नाही. पण आपल्या सह्याद्रीत बिबट्या आहे, रानकुत्रे आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तो वाघ नांदावा म्हणून. रान तुकड्या-तुकड्यांनी उरलेले आणि त्यातले प्रत्येक भेकर कुणाच्या तरी ताटातले आहे. आपण सतरावा वाटा मागायचा कुठून?

तरीही चोरून शिकार होते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या शिकारीत आणि मामांच्या तळात एक मूलभूत अंतर आहे. मामांचा वाटा शेजारी-पाजारी उघडपणे जाई. चोरीच्या शिकारीचा वाटा दाराआड शिजतो, हाडे पुरावी लागतात आणि बरोबरच्या माणसाकडे मित्र म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून पाहावे लागते. १९९८ च्या ऑक्टोबरातले जोधपूरजवळच्या काकणी गावचे काळवीट प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. खटल्याचा निकाल २०१८ मध्ये लागला. सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याने अपील केले. बरोबरचे कलावंत निर्दोष सुटले. त्या रात्री गाडीत सोबत कोण होते, हा प्रश्न वीस वर्षे न्यायालयात राहिला. सोबतीचा आनंद सांगायचा नसून नाकारायचा असेल तर ती सोबत कसली?

बंदूक ठेवून देऊनही रान सोडायचे नाही, ही वाट आपल्याच भागातल्या एका मोठ्या लेखकाने दाखवली. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकारी होते. पुढे त्यांनी दुर्बीण आणि चित्रवही घेतली आणि १९७९ मध्ये 'नागझिरा' आले. शिकाऱ्याची नजर, शिकाऱ्याची चिकाटी तीच. फक्त शेवटचा बार नाही.

सामान्य माणसासाठी ही वाट वर्षातून एका रात्री उघडते. बुद्ध पौर्णिमेला वनखाते अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधते आणि नाव नोंदवलेल्या लोकांना तिथे बसवून जनावरांची नोंद करायला सांगते. राधानगरीतही असे तळ पडतात. १९५८ मध्ये दाजीपूरचे गवा अभयारण्य म्हणून ज्याला संरक्षण मिळाले आणि आता साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरले आहे, ते हे रान. निवृत्तीनंतर मी तिथे एका मचाणावर रात्र काढली. माझ्याबरोबर एक शाळाशिक्षिका आणि वीस-बावीस वर्षांचा एक माग कामगार. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलायचे नाही, बॅटरी लावायची नाही. डबे उघडले तेव्हा पोराकडे भाकरी, बाईंकडे दशम्या आणि माझ्याकडे चटणी. न बोलता तिन्हींचे तीन-तीन भाग झाले.

ढगांतून चांदणे येत-जात होते. पहाटे तीनच्या सुमारास पलीकडच्या जाळीतून एक भेकर आले. थांबले. मान वर करून बराच वेळ आमच्या दिशेने पाहत राहिले. पोराने माझे मनगट घट्ट धरले होते. ते पाणी प्याले, पुन्हा मान उचलली आणि गेले. बाईंनी कागदावर अंदाजाने लिहिले : भेकर, नर, एक. सकाळी खाली उतरल्यावर चहा पिताना तिघांनीही ते एकमेकांना पुन्हापुन्हा सांगितले, जणू दुसऱ्याने पाहिलेच नव्हते. या वेळी वाटे घालायची गरज पडली नाही. प्रत्येकाला अख्खे भेकर मिळाले होते, आणि ते रानातही शिल्लक होते.

आणखी एक गोष्ट. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी माणसे जमवून झाडे लावली, हरणे आणवली आणि १९८५ मध्ये जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे ते अभयारण्य झाले. तिथली चितळे आता चांदोलीच्या रानात सोडण्याचे काम वनखात्याने हाती घेतले आहे. वाघाला खायला मिळावे म्हणून. रानातून ट्रकमध्ये हरीण आणणारी एक पिढी होऊन गेली. ट्रकमधून हरीण रानात नेणारी ही दुसरी. त्याही कामाला आठ-दहा माणसे लागतात, रात्री जागावे लागते, चूल मांडावी लागते, आणि त्यांतले कुणी कुणाला 'साहेब' म्हणत असेल तर चुलीपुढे ते विसरले जात असेल, अशी आशा करायला हरकत नाही.

मामांची आठांची मंडळी आता राहिली नाही. पण मालक आणि जॉबर, डॉक्टर आणि सायझिंगवाला, आणि आता त्यांच्या घरच्या बायकामुलीही, एका रात्रीपुरत्या एका चुलीभोवती बसण्याची गरज गावाला पूर्वीइतकीच आहे. इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, अशी तक्रार वाढली. वैशाखाच्या आधी वनखात्याचे निवेदन याच वर्तमानपत्रात येईल. नाव नोंदवा. एकटे जाऊ नका, आणि नेहमीच्याच माणसांबरोबरही जाऊ नका. घरात सोमवारपासून शनिवारपर्यंत ज्याच्याशी कामापुरते बोलता, त्याला विचारा. भाकरी कुणी आणायची यावरून थोडी वादावादी झाली, तर समजा की तळ पडला.